अँडीज आणि पाणथळी एकाच सहलीत पाहायच्या असतील तर

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. नाशिकचं एक जोडपं आहे, साठीच्या आसपासचं. नांदूरमध्यमेश्वरला पक्षी पाहायला वर्षानुवर्षं जातात, भरतपूर झालंय, गेल्या वर्षी अरुणाचलातलं ईगलनेस्टही केलं. आता दक्षिण अमेरिकेतले डोंगर आणि पाणथळी, दोन्ही पाहायचं मनात आहे. हाताशी १८ दिवस आहेत. त्यांच्याकडे एका सहलीचं पत्रक आलंय: इक्वेडोर, पेरू आणि ब्राझील, १६ दिवस, ‘७०० पक्षी’. या सहलीला जावं का, असं ते विचारतात. वहिनींचा गुडघा दुखतो, दोघंही शाकाहारी आहेत आणि स्पॅनिश येत नाही.

उत्तर आधी सांगून टाकतो, कारणं मागाहून. ते पत्रक बाजूला ठेवा. देश एकच घ्या, कोलंबिया. त्यातही ठिकाणं कमी घ्या आणि प्रत्येक ठिकाणी किमान दोन सकाळी मुक्काम ठेवा. तिकडे गट घेऊन जायला लागून मला बरीच वर्षं झाली. ज्यांनी घाई केली ते यादी घेऊन परतले, पण वर्षभराने त्यातले चार पक्षीही त्यांना डोळ्यांसमोर आणता येत नव्हते. १६ दिवसांत तीन देश म्हणजे चार-पाच दिवस विमानतळांवरच जातात. उरलेले दिवस रोज नव्या गावात, नव्या उंचीवर. शरीरालाही ते झेपत नाही आणि नजरेलाही.

कोलंबियाच का? जगात सर्वांत जास्त जातींचे पक्षी याच देशात आहेत, १९०० च्या वर. आपल्या अख्ख्या भारतात साडेतेराशेच्या आसपास, आणि कोलंबिया आकाराने भारताच्या जेमतेम एक तृतीयांश. याचं कारण जमिनीच्या घडणीत आहे. दक्षिणेकडून एकसंध येणारी अँडीजची रांग कोलंबियात शिरली की तिचे तीन फाटे होतात. पश्चिमेचा, मधला आणि पूर्वेचा. मधल्या खोऱ्यांतून काउका आणि माग्दालेना या नद्या उत्तरेकडे वाहतात. या तिन्हींपासून अलग, थेट कॅरिबियन समुद्राच्या काठावर सांता मार्ताचा डोंगर उभा आहे. उंची सुमारे ५७०० मीटर आणि समुद्र तिथून ४२ किलोमीटरवर. म्हणजे चार डोंगर, मधली गरम खोरी, आणि जिथे जिथे पाणी साचलं तिथे पाणथळ. तुम्हाला हवं ते सगळं एका देशात आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. तिथे पक्ष्याचा पत्ता म्हणजे त्याची उंची. ईगलनेस्टला तुम्ही हे पाहिलंच असेल. बुगुन लिओसिक्ला हा पक्षी तिथल्या लामा कॅम्पच्या आसपास मिळतो, खाली उतरून कितीही शोधला तरी नाही. अँडीजमध्ये हेच, पण कितीतरी पटींनी. दीड हजार मीटरवर जे टॅनेजर (तिथले छोटे, रंगीबेरंगी पक्षी) भेटतात ते अडीच हजारावर बदललेले असतात, साडेतीन हजारावर झाडंच संपतात आणि पारामो सुरू होतो. पारामो म्हणजे उंचावरचं ओलं, थंड गवताळ रान. त्यात ‘फ्रायलेहोन’ नावाची माणसाच्या उंचीची, लोकरीसारख्या मऊ पानांची झाडं धुक्यात उभी असतात.

प्रत्येक पारामो हे एक बेट आहे, फक्त भोवती समुद्राऐवजी गरम दऱ्या आहेत. हेल्मेटक्रेस्ट हा तिथला हमिंगबर्ड घ्या. डोक्यावर टोकदार तुरा, नराला हनुवटीखाली दाढी. पूर्वेच्या रांगेत हिरव्या दाढीचा, मधल्या रांगेत रुईझ ज्वालामुखीच्या परिसरात बदामी रंगाचा, सांता मार्तावर निळ्या दाढीचा आणि शेजारच्या व्हेनेझुएलात पांढऱ्या दाढीचा. चार डोंगर, चार जाती. निळ्या दाढीचा तर १९४६ नंतर कुणाला दिसलाच नव्हता, तो २०१५ मध्ये पुन्हा सापडला. आपल्याकडे पालघाटच्या खिंडीने शोलाकिळी या पक्ष्याच्या दोन जाती वेगळ्या ठेवल्या आहेत, तसंच हे. म्हणून म्हणतो, धावत सुटलात तर प्रत्येक बेटावर नुसता पाय लागेल आणि निघाल.

माझा आराखडा असा. पहिले तीन दिवस राजधानी बोगोटा. मग विमानाने मधल्या रांगेत, पेरेरा गावाजवळच्या ओतून किंबाया अभयारण्यात. तिथून पश्चिम रांगेतलं हार्दीन, मग मानिसालेस, आणि अँडीजच्या शेवटी रुईझची उंची. पुन्हा विमानाने सांता मार्ता, तिथला डोंगर आणि शेवटचे तीन दिवस समुद्रकाठच्या पाणथळीत. या गतीने माझ्या गटांना साडेतीनशे-चारशे जाती दिसतात. सातशे नाही दिसणार. पण पाहिलेला पक्षी ओळखीचा होईल.

बोगोटा २६०० मीटरवर आहे. आपलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६, म्हणजे या शहराच्या रस्त्यांपेक्षाही जवळजवळ हजार मीटर खाली. त्यात आपल्या आणि तिथल्या घड्याळात साडेदहा तासांचा फरक. म्हणून पहिल्या दिवशी काही नको. भरपूर पाणी, हलकं जेवण, झोप. दुसऱ्या दिवशी सकाळी शहराच्या कडेच्या पाणथळीत जायचं. सपाट वाट, गुडघ्याला त्रास नाही.

या पाणथळींबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण सहलीवाले त्या उरकून टाकतात. बोगोटाचं पठार हे एके काळचं मोठं सरोवर. तिथल्या मुईस्का लोकांची कथा अशी की बोचिका या त्यांच्या देवपुरुषाने कडा फोडून तेकेंदामाच्या धबधब्याने पाणी वाहून जाऊ दिलं आणि लोकांना जमीन मिळवून दिली. परशुरामाने समुद्र मागे हटवून कोकण वसवलं ही गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला ती लगेच आपली वाटते. आज त्या सरोवराची उरलेली डबकी शहरात अडकली आहेत. नागरिकांनी भांडून, राखून ती टिकवली, आणि २०१८ मध्ये शहरातल्या पाणथळींच्या समूहाला रामसर हा महत्त्वाच्या पाणथळींचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला.

तिथे बोगोटा रेल हा पक्षी पाहायचा. आपल्या फटाकडी या पाणपक्ष्याच्या कुळातला, जगात फक्त याच पठारांच्या आसपास राहणारा. मागच्या खेपेला ला फ्लोरिदाच्या तळ्यावर आम्ही सकाळी सहाला पोचलो. विमानतळ शेजारीच, त्यामुळे दर काही मिनिटांनी डोक्यावरून विमान. धुकं पाण्यावर टेकलेलं. पाणकणसांच्या दोन बेटांमध्ये हातभर उघडा चिखल होता. आमच्या वाटाड्याने सांगितलं, हलायचं नाही, दुर्बीण त्या फटीवर लावून ठेवा. पंचवीस मिनिटं काही नाही. मग आधी लाल चोच बाहेर आली, मग राखाडी छाती. एक पाय उचललेला, शेपटी वर-खाली. कुशीवरचे पांढरे पट्टे दिसले. तीन पावलं टाकून तो पलीकडे गेला, आणि गटातल्या एका ताईंनी किती वेळ रोखलेला श्वास सोडला. त्या सकाळी आम्ही मोजून २२ जाती पाहिल्या. त्या ताई आजही त्या तीन पावलांबद्दल बोलतात.

उंचीचं मात्र मनावर घ्या. एके वर्षी मी स्वतः चूक केली. विमानाच्या वेळा जुळवायला आधी समुद्रकाठ केला, तिथून थेट मानिसालेसला आलो आणि दुसऱ्याच सकाळी गटाला चार हजार मीटरवर नेलं. बासष्ट वर्षांचे एक गृहस्थ, सह्याद्रीत दर रविवारी किल्ला चढणारे. गाडीतून उतरल्यावर अर्ध्या तासात त्यांना उलट्या सुरू झाल्या, पाय लटपटायला लागले. पक्षी तिथेच सोडले आणि गाडी खाली आणली. २१०० मीटरला आल्यावर दोन तासांत ते सावरले. पण त्या दोन तासांत माझं काय झालं ते मलाच ठाऊक. फिटनेसचा याच्याशी संबंध नसतो, किल्ले चढणाऱ्यालाही विरळ हवा लागते. तेव्हापासून नियम एकच: सर्वांत उंच जागा डोंगरातल्या मुक्कामांच्या अखेरीस, झोप नेहमी खालच्या गावी, आणि डोकं दुखायला लागलं की लपवायचं नाही. उंचीचा त्रास टाळण्यासाठीची डायमॉक्सची गोळी घ्यायची की नाही हे इथेच डॉक्टरांना विचारून ठरवा, विशेषतः सल्फाची ॲलर्जी असेल तर.

ओतून किंबायात दोन सकाळी पुरतात. जंगल १९०० मीटरच्या आसपास, रस्ता रुंद आणि चढ सौम्य. काउका ग्वान हा कोंबडीएवढा पक्षी संपलाच असं लोक धरून चालले होते, तो इथे वाटेवर फिरतो. मिक्स फ्लॉक म्हणजे काय हे तुम्हाला इथे कळेल. दहा मिनिटं जंगल मुकं असतं आणि एकदम तीस-चाळीस पक्षी अंगावरून जातात: टॅनेजर, सुतार, खोडावर चढणारे वूडक्रीपर, आणि त्यांच्यात नारिंगी गळ्याचा ब्लॅकबर्नियन वॉर्बलर. हा उत्तर अमेरिकेतून हिवाळ्याला आलेला पाहुणा, जसे आपल्याकडे भिगवणला चक्रवाक येतात. पहिल्या फ्लॉकला कॅमेरा खाली ठेवा. एकच पक्षी धरा आणि तो जाईपर्यंत त्यालाच पाहा. मान इकडून तिकडे फिरवणाऱ्याला त्या गर्दीत काहीच मिळत नाही.

हार्दीन हे चौकातल्या रंगीत खुर्च्यांचं, कॉफीचं गाव. गावाच्या कडेलाच एका खासगी जागेत कॉक-ऑफ-द-रॉकच्या नरांचा आखाडा भरतो, पहाटे आणि पुन्हा दुपारी चारच्या सुमारास. शेंदरी-लाल नर, डोक्यावर पंख्यासारखा तुरा, आणि माद्यांपुढे ओरडत, वाकत चाललेलं नाचणं. वहिनींना सांगा, उतार निसरडा आहे, काठी आणि पक्की पकड असलेले बूट हवेतच. घाई न करता उतरलं तर जमतं. दुपारची वेळ घ्या, पहाटेच्या अंधारात नको.

हार्दीनच्या वर पिवळ्या कानांचा पोपट राहतो आणि त्याची गोष्ट मला फार जवळची आहे. तो मेणाच्या ताडावर जगतो. हा कोलंबियाचा राष्ट्रीय वृक्ष, जगातला सर्वांत उंच ताड, साठ मीटरपर्यंत जाणारा. वाळलेल्या खोडाच्या ढोलीत पोपटाचं घरटं. पण ईस्टरच्या आधीच्या रविवारी मिरवणुकीत न्यायला लोक याच ताडाची कोवळी पानं तोडत, आणि गुरांच्या कुरणांत नवी रोपं तग धरत नसत. १९९९ मध्ये तोलिमा प्रांतात ८१ पोपटांचा थवा सापडला, तेव्हा एवढेच उरले असं समजलं जात होतं. पुढे प्रोआवेस ही संस्था, गावातले लोक आणि चर्च एकत्र आले. मिरवणुकीला दुसऱ्या झाडांची पानं वापरा, असं सांगितलं गेलं आणि लोकांनी ऐकलं. आज हे पोपट हजाराच्या वर आहेत. दसऱ्याला आपट्याच्या फांद्या ओरबाडू नका म्हणून आपल्याकडेही कितीजण सांगत असतात. तिथे ते ऐकलं गेलं, हे मी प्रत्येक गटाला मुद्दाम सांगतो.

मानिसालेसजवळचं रिओ ब्लांको हे शहराला पाणी देणारं राखीव जंगल. इथे अँटपिट्टा हे पक्षी पाहायचे. नावात पिट्टा असलं तरी आपल्या नवरंगाशी, म्हणजे इंडियन पिट्टाशी, याचं जवळचं नातं नाही. गोल अंग, लांब पाय, शेपूट जवळजवळ नाहीच, आणि स्वभाव इतका लाजाळू की पूर्वी आठवडा घालवून फक्त आवाज ऐकू यायचा. इक्वेडोरमध्ये आन्हेल पास या शेतकऱ्याने अँटपिट्टाला गांडुळं देऊन माणसाळवण्याची रीत सुरू केली आणि ती इथवर पोचली. वनरक्षक ठरलेल्या ओंडक्यावर गांडुळांचे तुकडे ठेवतो, हलकी शीळ घालतो आणि थांबतो. मग अंधाऱ्या झुडपातून टुणकन उडी मारत ब्राउन-बँडेड अँटपिट्टा येतो. फक्त कोलंबियात सापडणारा, तोही मोजक्याच डोंगरांत. एक तुकडा गिळतो, दुसरा चोचीत धरून परत जातो. पिल्लांसाठी नेत असतो. काहींना हे कृत्रिम वाटतं. माझं मत वेगळं आहे. मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला दिवसभर हैराण करण्यापेक्षा हे कितीतरी बरं, आणि त्या वनरक्षकाला जंगल राखण्याचं कारण मिळतं.

यावरून गाइडचा विषय. कंपनीला तीनच प्रश्न विचारा: प्रत्येक जागी किती सकाळी, गटात किती माणसं, आणि गावोगावचा स्थानिक वाटाड्या सोबत असतो का. सहापेक्षा जास्त माणसं असतील तर अरुंद वाटेवर मागच्यांना काही दिसत नाही. आवाज वाजवण्याबद्दलही आधी बोलून घ्या. चांगला गाइड एखाद-दोनदा वाजवतो आणि थांबतो. त्याचे कान हीच खरी दुर्बीण असते. स्वतंत्रपणे जाऊ नका. सरकार आणि फार्क बंडखोर यांच्यातल्या २०१६ च्या शांतता करारानंतर पुष्कळ जंगलं खुली झाली, पण कुठला रस्ता आज चालू आणि कुठला नाही हे तिथल्याच माणसाला कळतं. घरून तयारी म्हणून जातींची नावं पाठ करत बसू नका, कुळं ओळखायला शिका. टायरंट, अँटबर्ड, ओव्हनबर्ड, टॅनेजर. पक्षी ओळखायला मदत करणाऱ्या मर्लिन ॲपमध्ये कोलंबियाचा संच उतरवून रोज पंधरा मिनिटं आवाज ऐका. ओळखीचा चेहरा एकच नक्की भेटेल, गायबगळा. तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आफ्रिकेतून अटलांटिक ओलांडून तिकडे पोचला.

रुईझवर जायचं त्या दिवशी पहाटे निघून सावकाश चढायचं. ज्वालामुखी जागा आहे, १९८५ मध्ये त्याच्याच चिखलाच्या लोंढ्याने आर्मेरो हे गाव गाडलं गेलं. त्यामुळे रस्ता कुठपर्यंत खुला ते त्या त्या दिवशी ठरतं. वर बोचरा वारा, बोटं बधिर. फ्रायलेहोनच्या पिवळ्या फुलावर हेल्मेटक्रेस्ट चक्क बसून मध पितो, इतर हमिंगबर्डांसारखा तरंगत नाही. विरळ हवेत तरंगणं महाग पडतं. रात्री हे पक्षी अंग थंड पाडून जवळजवळ मृतवत होतात. पेरूच्या अँडीजमध्ये एका हमिंगबर्डाचं रात्रीचं तापमान सव्वातीन अंशांपर्यंत उतरलेलं मोजलं आहे, आणि सकाळी तो पुन्हा उडाला. खाली येताना एका टपरीवर ‘आग्वापानेला’ घ्या. पानेला म्हणजे चक्क आपला गूळ, आणि हे गरम गूळपाणी. उन्हातून आलेल्याला आपण गूळपाणी देतो, ते थंडीतून आलेल्याला देतात. सोबत चीजचा तुकडा.

जेवणाचं फार टेन्शन नको. भात, राजमा, तळलेली केळी, ॲव्होकाडो, मक्याची आरेपा आणि चालत असतील तर अंडी हे सगळीकडे मिळतं. पण राजम्यात डुकराचं मांस आणि भातात कोंबडीचं पाणी असू शकतं, म्हणून ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन काल्दो’ हे शब्द पाठ करा. मांस नको, कोंबडी नको, रस्सा नको. थोडं मेतकूट सोबत असू द्या.

पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्या आणि पिवळं कार्ड जपून ठेवा. ते नसेल तर परतल्यावर भारतातच सहा दिवस विलग ठेवू शकतात. लसीआधी वय आणि चालू औषधं डॉक्टरांना सांगा, साठीनंतर ही लस विचार करून देतात. व्हिसाचे नियम बदलत असतात, तिकिटाआधी दूतावासाकडून खात्री करा. थेट विमान नाही, इस्तंबूल किंवा माद्रिदमार्गे जावं लागतं. काळ जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी. पाऊस त्यातल्या त्यात कमी आणि उत्तरेचे पाहुणेही असतात. तरी रेनकोट हवाच. दुर्बीण ८ बाय ४२, त्याहून जड नको.

सांता मार्ताचा डोंगर मिंका गावातून चढायचा. वरचा रस्ता खडबडीत आहे, गुडघ्यापेक्षा कंबरेची परीक्षा. सान लोरेन्सोच्या कड्यावर पहाटे पोचलात तर सांता मार्ता पॅराकीटचे थवे ओरडत जाताना दिसतील. जगात कुठेच न मिळणाऱ्या वीसेक जाती या एका डोंगरावर आहेत. सांता मार्ता सेब्रविंग हा हमिंगबर्ड कित्येक वर्षं बेपत्ता होता, २०२२ मध्ये पुन्हा दिसला. तीन रात्री द्या, कमी नको.

मग खाली समुद्रावर. सालामांकाच्या खारफुटीतून जाताना वाळून उभी राहिलेली झाडं दिसली तर गाडी थांबवून पाहा. १९५० च्या दशकात समुद्र आणि मागची मोठी खाडी यांच्यामधून रस्ता काढला, पाण्याची ये-जा तुटली, खाडीत मीठ वाढलं आणि खारफुटी मैलोगणती मेली. पुढे पाण्याच्या वाटा मोकळ्या केल्या तशी काही पट्ट्यांत ती परत आली.

शेवटचा मुक्काम ग्वाहिरा प्रांतातल्या कामारोनेसजवळ, लॉस फ्लामेंकोसच्या तळ्यांवर. हा वायू नावाच्या आदिवासींचा मुलूख, काटेरी निवडुंगाचा आणि रखरखीत वाऱ्याचा. झुडपांत लालभडक व्हर्मिलियन कार्डिनल, पाण्यात गुलाबी चमचे (स्पूनबिल पक्षी) आणि शेंदरी आयबिस. रोहित (फ्लेमिंगो) पाहायला मोटर नसलेल्या नावेतून जायचं. कापडाचं शीड, पाणी गुडघाभर, नावाडी बांबूने रेटतो. भिगवणचे रोहित पाहिलेल्यांना हा रंग खरा वाटत नाही, इतके ते गडद असतात. नावाड्याला आधीच सांगून ठेवा की थव्याने माना वर केल्या की तिथेच थांबायचं, फोटोसाठी पुढे नाही. तो शीड उतरवतो, बांबू चिखलात रोवतो. दहा मिनिटांत माना पुन्हा पाण्यात जातात आणि थवा चरत चरत आपणहून नावेकडे सरकायला लागतो.